जशी आहे तशी

गालाला फेस, मानेभोवती कापड आणि कापडाखाली मांडीवर मोबाइल, अशा अवस्थेत तो लिलावाच्या पानावर अंगठा सरकवत बसला होता. सलूनवाल्याने वस्तरा जबड्याच्या हाडाशी आणला आणि नेमकी तेव्हाच ती सायकल वर आली. पिवळ्या भिंतीला टेकवलेली, गडद हिरवी, चेनकव्हरवर पुसट झालेली सोनेरी रेघ, आणि हँडलच्या थोडं मागे, दांडीवर, तो पोचा. त्याची मान उडाली. "हललात," सलूनवाला म्हणाला. "मी नाही हललो." "मग मी हललो असेन," असं म्हणून सलूनवाला तुरटीचा खडा शोधायला वळला. आरशात जबड्यावर लाल टिपका फुगत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, पोच्याच्या कडेपर्यंत नेला आणि तिथेच थांबला. आपण लिहिलेलं पत्र दुसऱ्याच्या सहीने छापून यावं आणि अक्षर तर आपलंच दिसावं, तसं त्याला झालं. फोटोखाली विकणाऱ्या बाईचा मजकूर होता: माझ्या वडिलांची सायकल, पहिल्यापासून त्यांचीच, रंग मूळचा, ओरखडे आणि पोचे मूळचे, वडील आता नाहीत, घर बदलत असल्याने विकणे आहे. "मूळचे," तो मोठ्याने म्हणाला. "काय मूळचे?" सलूनवाल्याने विचारलं. "काही नाही." दुसरा गाल कधी झाला हे त्याला कळलं नाही. बाहेर पडून तो घराच्या उलट दिशेला बराच चालून गेला आणि एका बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहून पुन्हा फोटो बघू लागला.

ती सायकल त्याच्याकडून करवून घेणारा म्हातारा गेला, हे त्याला आत्ताच कळलं होतं. त्याचं वाईटही वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटून गेलं होतं, आणि ते वाटणं काही चांगलं नव्हतं. मूळचे म्हणे. त्या सायकलीत मूळचं काही असेल तर ती हवा, आणि तीही त्याच्याच पंपाने भरलेली. फ्रेम भंगारातून आणलेली, पुढचं चाक धरणारा चिमटा दुसऱ्या सायकलीचा, मागचं चाक तिसरीचं. रंग त्याने स्वतः घोटून दिलेला आणि मग स्वतःच्या हाताने झिजवलेला. आयुष्यात त्याने बऱ्याच जुन्या सायकली विकल्या होत्या. लिलावाच्या त्या पानावर त्याला सगळे 'जुनाट' म्हणून ओळखत. हे नाव त्याने गमतीने घेतलं होतं आणि आता ते अंगाला चिकटलं होतं. कुठल्या कारखान्याची घंटी कशी, कुठल्या काळात सीटखाली किती स्प्रिंगा, असलं काही अडलं की लोक त्यालाच विचारत. त्याची स्वतःची विकायची रीत ठरलेली होती. तो फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, 'जशी आहे तशी'. पुढचं घेणारा स्वतःच ठरवायचा. रंग जुना दिसतोय म्हणजे जुनाच असणार, गंज बसलाय म्हणजे वर्षं गेली असणार. त्याने कधीही एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. "मी खोटं बोलत नाही, मी गप्प बसतो," हे तो बायकोला अधूनमधून ऐकवायचा, आणि बायको म्हणायची, "ते गप्प बसणं फार कसबाचं आहे हो."

कसब तर होतंच. या धंद्यात जुनं करणारे पुष्कळ, पण बहुतेकांचा हात वाहवतो. ते गंज सगळीकडे सारखा लावतात, आणि गंज तर आळशी. जिथे पाणी साचतं तिथेच बसतो, मडगार्डच्या सळईच्या मुळाशी, सीटच्या नटाखाली, पॅडलच्या पोटात. रंगही वाटेल तिथून जात नाही. जिथे माणूस लागतो तिथे जातो: दांडीला मांडी घासते तिथे, उतरताना बुटाची टाच आपटते तिथे. हे शिकवलं कुणी नव्हतं. लिफ्टच्या कारखान्यात आराखडे काढायची नोकरी होती तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तो सायकलींच्या शेडमध्ये जाऊन बसायचा आणि कोणाची सायकल कुठे झिजली आहे ते बघून माणूस ओळखायचा. डावखुरा कोण, पाय ओढत चालतो कोण, रोज जड डबा लावून येतो कोण. पुढे कारखाना बंद पडला आणि हा छंद पोटाला लागला. आता घराच्या तळमजल्यावरची मोटार ठेवायची जागा म्हणजे त्याचं सगळं जग होतं. तिथे म्हातारा आला होता गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, इस्त्रीच्या शर्टात, हातात काही नाही, आणि आल्या आल्या म्हणाला होता, "मला एक सायकल हवी आहे. पण ती माझी हवी."

तुमची म्हणजे, असं याने विचारलं. म्हाताऱ्याने उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. कुठला हिरवा, कसली रेघ, घंटीच्या टोपीला कुठे ठोकर. "ती गेली कुठे, काका?" "गेली." एवढंच. मग रोज संध्याकाळी यायचा. खोक्यावर बसायचा, डोळे मिटायचा, आणि हा कानस, चहाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं आणि व्हिनेगरची बाटली घेऊन त्या मिटल्या डोळ्यांत दिसेल ते पत्र्यावर उतरवायचा. आयुष्यात असं काम त्याने केलं नव्हतं. एरवी तो अस्तित्वातच नसलेल्या माणसाची झीज करत असे. इथे एक खरा माणूस बसून सांगत होता, थोडं खाली, थोडं डावीकडे. पोच्याचं तर विचारायलाच नको. "इथे एक पोचा हवा." एका रिकाम्या नळीवर लाकडी हातोड्याने नमुना करून दाखवला. "एवढा खोल नाही." पुन्हा केला. "हा गोल झाला. तो असा गोल नव्हता, एका बाजूने चेपलेला होता." दगडावर कपडा घालून, नळी वरून सोडून बघितली, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे उघडून हुंकार दिला. "पडला होतात का, काका?" "हं." दांडीवर पुढच्या बाजूला रंगात दोन वळ हवे होते, कशानेतरी आवळून पडलेले. "हे कशाचे?" "असतात," म्हातारा म्हणाला. काम संपलं त्या संध्याकाळी तो सायकलीभोवती एकदा हिंडला, पोच्यात अंगठा ठेवून उभा राहिला, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "हीच ती." मग ती हातात धरून, न बसता, ढकलत घेऊन गेला. छान झाली म्हणाला नाही. तुमच्या हातात जादू आहे, असलं काही म्हणाला नाही. हीच ती. यापेक्षा मोठी शाबासकी कुठल्या कारागिराला मिळते, असं त्याने तेव्हा स्वतःला समजावलं होतं. पण मनातल्या मनात ते सलत राहिलं. हीच ती, तर मग मी कोण?

आता त्या पायरीशी उभं राहून त्याला तेच पुन्हा सलायला लागलं, आणि दुपारपर्यंत ते चांगलंच चिघळलं. घरी तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. खाली जाऊन एक चाक हातात घेतलं, आरे पिळले, ठेवून दिलं. सायकलीवर बोली चढत होती. जाणकार लोक बोली लावत होते. ज्यांचं बोट साधा नट फिरवायलाही पुढे होत नाही असे लोक खाली लिहीत होते, काय सुंदर वापर झालाय, हे असं काळच करू शकतो. काळच. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि तेवढ्यात, सगळ्यांत शेवटी, एकाने लिहिलं: चिमटा आणि फ्रेम एका कारखान्याचे वाटत नाहीत, विक्रेत्याने खुलासा करावा. हा माणूस त्याला माहीत होता. घ्यायच्या आधी शंका काढून भाव पाडायचा त्याचा शिरस्ता होता, आणि यावेळी गंमत म्हणजे त्याची शंका खरी होती. दिवसभरात आणखी दोघांनी तीच री ओढली. एकाने तर विचारलं, वडिलांचं नाव सांगून विकताय, थोडी लाज? ते वाचून तो ताठ बसला. त्याला एकदम फार बरं वाटलं आणि कारणही सापडलं. बिचाऱ्या बाईला काही माहीत नाही. लोक तिला लबाड म्हणतायत. तिला जाऊन खरं सांगितलंच पाहिजे.

"तिच्यासाठी जाताय?" बायकोने विचारलं. ती चादरी वाळत घालत होती. "मग कुणासाठी?" "मी कुठे काय म्हणतेय." "उद्या कुणी घेईल, उघडून बघेल, तिला कोर्टात खेचेल." "आणि तुम्ही सांगितलंत तर तिचा विश्वास बसेल?" त्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. सीटची नळी वर ओढून काढली की फ्रेमच्या आत, टॉर्च मारल्यावर, टोच्याने ठोकलेली तीन टिंबं दिसतात. त्याने ती आणखी कुठल्याच सायकलीत ठोकली नव्हती. म्हातारा 'हीच ती' म्हणाला त्याच्या आदल्या दिवशी, का कोण जाणे, त्याच्या हाताने ती ठोकली होती. बायकोने कपड्यांचा चिमटा दातांतून काढून दोरीला लावला. "म्हणजे पुरावा घेऊन निघालात," ती म्हणाली, आणि त्याने तो शब्द ऐकून न ऐकल्यासारखा केला. विक्रेत्याला त्याने निरोप पाठवला: प्रत्यक्ष पाहायला यायचं आहे. उत्तर लगेच आलं. या.

घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. पॅसेजमध्ये खोकी, भिंतीवर तसबिरी उतरवल्याचे फिकट चौकोन, आणि खोक्यांच्या शेवटी पिवळ्या भिंतीला टेकून ती. डोक्याला फडकं बांधलेली, चाळिशी ओलांडलेली म्हाताऱ्याची मुलगी हात पुसत पुढे आली. त्याने तिच्याकडे नीट बघितलंही नाही. तो सरळ उकिडवा बसला. गेल्या उन्हाळ्यापासून आजपर्यंत त्याने सायकलीला पाहिलं नव्हतं आणि त्याचा जीव भरून आला. टायरमधली हवा गेली होती. सीट किंचित फिरली होती. बाकी सगळं तसंच, किंबहुना त्याहून चांगलं. वर्षभर कुणीतरी रोज पुसल्यामुळे त्याने दिलेली झीज आणि हात फिरून आलेली झीज कुठे एकमेकींत मिसळली हे त्यालाही सांगता येत नव्हतं. "तुम्हीच जुनाट ना?" ती म्हणाली. "मी वाचते तुमचं तिथे. सगळे तुम्हाला विचारतात." "विचारतात." "मग सांगा बरं, तो माणूस चिमट्याचं काय म्हणतोय? मला त्यातलं काही कळत नाही, आणि लोक काय काय बोलायला लागलेत." तो उभा राहिला. "ताई, तो बरोबर म्हणतोय. चिमटा दुसऱ्या सायकलीचा आहे. मागचं चाक तिसरीचं. रंग माझा आहे. ही सायकल मी केली आहे, तुमच्या वडिलांनी माझ्याकडून करवून घेतली."

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आधीच सावध केलेल्या माणसाला येतं तसं. "मला सांगितलं होतं एकाने," ती म्हणाली, "घ्यायला येणारे आधी वस्तूला नावं ठेवतात म्हणून. पण इतकी लांबलचक गोष्ट रचून आणतील असं वाटलं नव्हतं." "मी रचून नाही आणली." "तो दुसरा तुमचाच माणूस का? त्याने तिथे शंका काढायची, तुम्ही घरी येऊन पडेल भावात उचलायची?" त्याचे कान तापले, कारण असं करतात, आणि कधीतरी त्यानेही केलं होतं. तो घाईने बोलायला लागला. मागच्या मडगार्डवर डावीकडे तिरका ओरखडा आहे, घंटीच्या टोपीला खालच्या अंगाला ठोकर आहे, उजव्या पॅडलचा रबर आतून जास्त खाल्लेला आहे. "ते सगळं फोटोत दिसतंय," ती म्हणाली. "फोटो मीच काढलेत." "आणि दांडीवरचे हे दोन वळ..." "हं, त्यांचं सांगा. कशाचे आहेत?" त्याने तोंड उघडलं. "असतात," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याचा शब्द आपल्या तोंडून आलेला ऐकून गप्प झाला.

"माझी सीट होती तिथे," ती म्हणाली. आता ती त्याच्याशी बोलत नव्हती, सायकलीकडे बघत होती. "लाकडाची, बाबांनी स्वतः केलेली. दोन पट्ट्यांनी आवळलेली. कामावर जाताना मला शाळेत सोडायचे. आणि हा पोचा आहे ना, तेव्हा आम्ही उतारावर पडलो. दांडी दगडावर, आणि मी दांडीवर." तिने हनुवटी वर केली. खाली, सहज कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढरी रेघ होती, एका बाजूने चेपलेली. "मग आम्ही घर बदललं आणि सायकल आली नाही. मी रोज विचारायचे. म्हणायचे, मित्राकडे ठेवलीय, आणतो. रोज. मोठी झाले, विचारायचं सोडून दिलं. पुढे आमचं फारसं बोलणंच उरलं नाही, आई गेल्यावर तर नाहीच. गेल्या वर्षी एके दिवशी कामावरून आले तर ही इथे उभी आणि बाबा शेजारी. म्हणाले, बघ, आणतो म्हटलं होतं ना. त्यानंतर आम्ही रोज बोलायचो, अगदी शेवटपर्यंत." ती वळली. "आणि तुम्ही म्हणता, खोटी आहे. म्हणजे माझा बाप शेवटी मला फसवून गेला. ठीक आहे. असेल तर दाखवा. असं तोंडाने नको, काहीतरी दाखवा."

दाखवायचं काय, ते इथून वीतभर होतं. पान्हा त्याच्या खिशात होता, टॉर्च मोबाइलमध्ये. त्याचा हात सीटच्या नटावर गेलाही. नट सैल होता. एक वेढा, एक हिसका, आणि मग कुणालाही काही बोलायची गरज उरली नसती. हिच्या डोळ्यांत एकदा तरी दिसलं असतं की हे या माणसाने केलं. याच एका गोष्टीसाठी तो इथवर आला होता, हे आता त्याला इतकं लख्ख कळलं की स्वतःचीच शिसारी आली. तिला लोक लबाड म्हणतायत वगैरे सगळं तोंडी लावायला होतं. आणि तरीही हात निघेना. आपण एवढं केलं आणि कुणालाच कधी कळायचं नाही, याचा त्याला संताप आला, म्हाताऱ्याचाही आला. खोक्यावर बसून डोळे मिटून त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं की उतारावर पोर होतं. सांगितलं असतं तर पोचा असा बसला नसता, हेही त्याला त्याच क्षणी समजलं. हात थरथरला असता. त्याने पान्हा काढला. सीट सरळ केली आणि नट आवळला, चांगला, पुन्हा सैल होणार नाही असा.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "अशी एक मी केली होती. मला वाटलं तीच. पण ही ती नव्हे."

"नक्की?"

"हा पोचा बघा ना. असा पोचा हाताने देता येत नाही कुणाला."

धंद्यात पहिल्यांदाच तो सरळसरळ खोटं बोलला होता, आणि पहिल्यांदाच कुणी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तिचे खांदे खाली आले. "मग तसं लिहा ना तिथे," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील सगळे." ते मात्र त्याच्याने झालं नसतं. "त्यापेक्षा विकूच नका," तो म्हणाला. "जो नेईल त्याला हे वळ कशाचे ते ठाऊक नसणार. त्याच्या लेखी पोचा म्हणजे नुसता पोचा. पहिल्या महिन्यात रंगवायला काढेल." तिने त्या दोन वळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नवीन घर पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये मावत नाही, मोजून बघितलंय मी." लिफ्टचं त्याला कुणी सांगायला नको होतं. "पुढचं चाक काढलं की मावते. हे दोन नट. या बाजूने फिरवायचे." त्याने तिच्याकडून दोनदा काढून घालून घेतलं आणि पान्हा तिथेच ठेवून निघाला. दारात तिने विचारलं, "मग तुम्ही केली होतीत ती सायकल कुठे असेल?" "कुणाच्या तरी घरी असेल," तो म्हणाला आणि जिना उतरला.

घरी येईपर्यंत तो तीन रस्ते चुकला. लिलावाच्या पानावर हिरव्या सायकलीच्या जागी 'विक्रेत्याने मागे घेतली' एवढंच उरलं होतं. वर बायको वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होती. तो खिडकीशी गेला, दाराशी आला, पुन्हा खिडकीशी गेला.

"सांगितलंत?"

"सांगितलं. नाही बसला विश्वास."

"मग टिंबं दाखवायची."

"नाही दाखवली."

तिचे हात थांबले. "म्हणजे ती अजून वडिलांचीच समजतेय."

"त्यांचीच आहे ती."

"अख्खा उन्हाळा माझ्या घराला व्हिनेगरचा वास होता," ती म्हणाली. "ठोक ठोक ऐकून कान किटले. आणि म्हणे त्यांची." मग ती त्याच्याकडे बघत राहिली. तो दाराशी उभा होता आणि कुठे बसावं हे त्याला सुचत नव्हतं. "पोटच्या पोरीला ओळखता आलं नाही," ती हळू म्हणाली, "म्हणजे चांगलीच झाली होती म्हणायची."

"हो," तो म्हणाला. "चांगली झाली होती."

बायकोने उरलेली मोठी चादर उचलली, तिची दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि आपली टोकं धरून ती मागे मागे सरकत गेली.